मण्याची गोडी आणि मुलीचे गुण

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली, तेव्हा ती एकत्र घेते. झोपेचा एक आणि सासू-सुनेचे दोन प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. त्या वाचकांनी रागावू नये, तुमची भांडणं महिनाभर टिकतील याची मला खात्री आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी नाशिकला एस.वाय. बी.एस्सी.ला आहे. आम्ही दिंडोरी तालुक्यात राहतो, ती रोज एसटीने ये-जा करते. दिवाळीनंतर कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाचं दोन दिवसांचं शिबिर झालं. त्यात पंधरा वाक्यांचा पेपर सोडवून घेतला. तिला ६० पैकी ३४ मिळाले आणि पुढे शेरा, ‘आत्मवास्तविकीकरण : निम्न’. सगळ्यांची यादी नावानिशी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तेव्हापासून म्हणते, “माझा विकासच झालेला नाही, आई.” तिचे वडील म्हणतात, आकडा खोटं कशाला बोलेल? आपणसुद्धा ब्रिक्स (द्राक्षाच्या गोडीचा आकडा) बघूनच माल तोडतो ना! (आमची दोन एकर थॉमसन द्राक्षबाग आहे.) मला तर तो शब्दच धड वाचता येत नाही. हे नेमकं काय मोजतात? आणि पोरीला काय सांगू?
— एक आई, दिंडोरी तालुका

उत्तर : वाचता येत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. तो शब्द मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिला आणि दर वर्षी ‘वास्तविकी’पाशी माझा खडू मोडला. वर्गात हमखास एक जण विचारायचा, “मॅडम, म्हणजे आत्मसाक्षात्कार का? त्याला गुरू करावा लागतो ना?” तसं काही नाही. माणसाच्या अंगात जे आहे ते पुरतं उमलून बाहेर येणं, एवढाच त्याचा अर्थ. कुर्ट गोल्डस्टीन नावाचे जर्मन डॉक्टर पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत होते. इजा झाली तरी माणूस उरलेल्या ताकदीनिशी पुन्हा आपलं आपण जगायला धडपडतो, हे त्यांनी पाहिलं आणि त्या धडपडीला हे नाव दिलं. पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी १९४३ मध्ये माणसाच्या गरजांची उतरंड मांडली आणि सगळ्यात वर हे ठेवलं. शिबिरात पडद्यावर दाखवतात तो रंगीत पिरॅमिड मात्र मास्लोंनी काढलेला नाही. तो नंतर व्यवस्थापनवाल्यांनी काढला.

तुमच्या वर्णनावरून मुलीने सोडवली ती जोन्स आणि क्रँडॉल यांची १९८६ ची छोटी चाचणी दिसते. पंधरा वाक्यं, प्रत्येकाला एक ते चार गुण, म्हणजे कमीत कमी १५ आणि जास्तीत जास्त ६०. चाचणी काही बनावट नाही, संशोधनात वापरतात. पण कशासाठी वापरतात, ते पुढे सांगते.

आधी यजमानांचं बोलणं. मला ते आवडलं, कारण ज्याने आयुष्यभर मोजून माल विकला तो आकड्याला मान देणारच. पण त्यांना विचारा, ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर वापरण्याआधी ते काय करतात? डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून काटा शून्यावर आणतात. मग एकच मणी बघतात का? नाही. चार वेलींवरचे, घडाच्या वरचे, खालचे, उन्हातले, सावलीतले मणी घेतात. आता मुलीच्या ३४ चा शून्य कुठला? ‘निम्न’ म्हणजे कोणाच्या तुलनेत? ही वाक्यं मुळात अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली आहेत. दिंडोरीहून सकाळची एसटी पकडणाऱ्या मुलींचे सरासरी गुण किती, हे ठरवलेलं नसेल तर तो शेरा कोणीतरी अंदाजाने मारलेला आहे. आणि मणी घेतला एकच, एका दिवसाचा.

सगळ्यात मोठा फरक वेगळाच आहे. व्यापारी बांधावर उभा आहे हे मण्याला माहीत नसतं. मुलीला माहीत असतं.

माझीच एक चूक सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आरसा-रेखनाचं यंत्र, चार स्टॉपवॉच आणि सायक्लोस्टाइल केलेल्या चाचण्यांचे गठ्ठे, एवढंच वैभव होतं. सुरगाण्याकडचा एक मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. याच चाचणीत एक वाक्य आहे, साधारण असं की, इतरांची माझ्याकडून जी अपेक्षा असते ते मला केलंच पाहिजे असं वाटतं. ‘सहमत’ म्हटलं की गुण कमी. पोरगं पेन थांबवून विचारतं, “मॅडम, अपेक्षा कोणाची? आईची का रेक्टरची?” मी म्हटलं, “जे पहिल्यांदा वाटेल ते लिही.” आम्हाला शिकवलेलं असंच असतं, परीक्षार्थीला वाक्य समजावून सांगायचं नाही. त्याने ‘सहमत’ लिहिलं. तुकडीत सगळ्यात कमी गुण त्याचे आले आणि मी, शहाणी, ते सगळ्यांसमोर वाचून दाखवले. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला. “मॅडम, मी खरं लिहिलं म्हणून कमी आले का?” मी काहीतरी सारवासारव केली. तो म्हणाला, “बरं. पुढच्या वेळी कसं लिहायचं ते कळलं.”

हाच मुलगा शनिवारी मेसच्या आचाऱ्याच्या दोन पोरांना गणित शिकवायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कोणाची अपेक्षाही नव्हती. त्यासाठी चाचणीत वाक्य नव्हतं.

भीतीपोटी दुसऱ्याचं ऐकणं आणि मायेपोटी ऐकणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण त्या वाक्यापुढे दोन्हींची खूण एकाच चौकटीत पडते. तुमची मुलगी घरचं बघून, बागेतली कामं बघून कॉलेज करत असेल, तर तिने ‘सहमत’ लिहिलं असणार आणि खरंच लिहिलं असणार. त्या यादीत वर असलेल्यांपैकी काही जण खरोखर मोकळे असतील. काही जण नुसते हुशार असतील, कुठल्या वाक्याला काय उत्तर ‘चांगलं दिसतं’ हे ओळखणारे.

आता मुलीला सांगण्यासारखी गोष्ट. मास्लो स्वतः अशा पूर्ण उमललेल्या माणसांच्या शोधात होते. त्यांनी तीन हजार कॉलेज विद्यार्थी चाळले. हाती किती लागले असतील? एक. आणि डझन-दोन डझन असे, ज्यांच्याबद्दल ते म्हणाले, यांची वाढ चांगली चाललीय. पुढे त्यांनी स्पष्टच लिहून ठेवलं की ही गोष्ट तरुण वयात होत नाही. या वयात आपण कोण हे ठरलेलं नसतं, स्वतःच्या पायावर उभं राहणं झालेलं नसतं, मुरलेलं प्रेम वाट्याला आलेलं नसतं, जन्माचं काम सापडलेलं नसतं. कल्पना ज्यांची, त्यांच्याच हिशेबात एकोणीस वर्षांची मुलं बसत नाहीत आणि आपण दोन दिवसांच्या शिबिरात शेरे वाटतो.

यजमानांना बागेच्याच भाषेत सांगा. एप्रिल छाटणीनंतर मे महिन्यात वेलीवर नुसता पाला असतो, पण पुढच्या हंगामाचा घड त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यात आतल्या आत धरत असतो. तेव्हा ते ब्रिक्स बघायला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बागेत जातात का?

आणखी एक, हे शिबिरवाल्यांना बहुधा माहीत नसतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये ‘मी कोण’ हे ठरवण्याच्या बाबतीत तरुणांच्या चार अवस्था मांडल्या. काही जण आई-बापांनी ठरवलेलं प्रश्न न विचारता स्वीकारतात, ते शांत दिसतात. काही जण ‘मला नक्की काय हवंय’ या शोधात असतात, ते अस्वस्थ दिसतात. काही जणांनी शोधही घेतलेला नसतो आणि काही ठरवलेलंही नसतं. चौथे, शोधून मग ठरवणारे. तर शोधात असलेले हे अस्वस्थ पुष्कळदा शांत दिसणाऱ्यांपेक्षा पुढच्या टप्प्यावर असतात. पण मनाच्या स्वस्थतेबद्दल विचारणाऱ्या वाक्यांना ते खरं उत्तर देतात आणि मार खातात. तुमची मुलगी सध्या कुठे आहे ते मला इथून दिसत नाही. तुम्हाला दिसेल.

तेव्हा ‘गुण कमी का’ हे तिला विचारूच नका. ‘त्या पंधरांतलं कुठलं वाक्य लिहिताना हात थांबला?’ हे विचारा, तेही भाकरी करताना, समोरासमोर बसून नको. एखादं वाक्य निघेल. कदाचित ‘अपेक्षा’वालंच निघेल. मग त्यावर बोला, आणि तिला काय वाटतं ते ऐकताना मध्येच तुमचा निवाडा देऊ नका. त्या कागदाचा घरात एवढाच उपयोग आहे, पण तो मोठा आहे.

यादी ग्रुपवर टाकणं ही मात्र चूक आहे, साधी नाही. चाचणीचे गुण ज्याचे त्याला, बंद दाराआड, समजावून सांगून द्यायचे असतात. प्राचार्यांना दोन ओळींचं पत्र द्या : यादी काढून टाका, आणि ‘निम्न’ कुठल्या प्रमाणकांवरून ठरवलं ते लेखी कळवा. भांडायचं नाही, फक्त विचारायचं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं तर मला जरूर पाठवा, मी वाट बघेन.

ती नीट जेवत-झोपत नसेल आणि हे दोन आठवडे चाललं असेल, तर वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : आमच्याकडे एक गृहस्थ आले होते. मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेऊन त्याचं व्यक्तिमत्त्व, बुद्धी आणि करिअर सांगतात. फी काही हजार आहे. करून घ्यावं का?
— एक वडील, इंदिरानगर

उत्तर : नाही. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात तयार होतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत, म्हणून तर पोलीस त्यांच्यावर विसंबतात. जे बदलतच नाही त्यावरून विकास कसा मोजणार? त्या पैशात मुलाला सार्वजनिक वाचनालयाचं सभासद करा. १८४० पासून आहे, कुठे पळून जाणार नाही. गृहस्थांचं सांगता येत नाही.

प्रश्न : मी सिन्नर तालुक्यातल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघतो. आमचं सात दिवसांचं निवासी शिबिर जानेवारीत आहे. शिबिराने मुलांच्या व्यक्तिमत्त्वात किती फरक पडतो हे आधी आणि नंतर चाचणी घेऊन मोजायचं आहे. कुठली चाचणी घ्यावी? आणि मराठीत भाषांतर मीच केलं तर चालेल का?
— एक प्राध्यापक

उत्तर : सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. त्याच १९८६ च्या चाचणीत पहिलंच वाक्य साधारण असं आहे की, मला माझ्या कुठल्याही भावनेची लाज वाटत नाही. इंग्रजीत हे निरोगी मनाचं लक्षण. मराठीत ‘लाज वाटत नाही’ हे कोण कोणाला म्हणतं? आई रागावली की म्हणते. आमच्या वर्गातल्या मुली या वाक्याशी येऊन एकमेकींकडे बघायच्या आणि ‘असहमत’वर खूण करायच्या. त्यांना भावनांची लाज वाटत होती असं नाही, निर्लज्ज ठरायचं नव्हतं. पुढे आम्ही ‘लाज’ काढून ‘अपराधी वाटत नाही’ केलं, तर अर्थच दुसरीकडे गेला. ‘संकोच’ करून पाहिलं, ते जरा जमलं. म्हणून भाषांतर एकट्याने करू नका. तुम्ही करा, मग मूळ न पाहिलेल्या एखाद्या इंग्रजीच्या सहकाऱ्याकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्या आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघा. कुठे घसरलंय ते लगेच दिसतं. त्यानंतर पाच-सहा मुलांना बसवून प्रत्येक वाक्याला ‘तुला यातून काय कळलं?’ असं विचारा. संध्याकाळभराचं काम आहे, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं.

चाचणी कुठली? आत्मवास्तविकीकरण मोजणारी शॉस्ट्रॉम यांची १९६० च्या दशकातली मोठी सूची आहे. तिच्यात विधानांच्या १५० जोड्या. त्यांतल्या २३ माणूस वर्तमानात किती राहतो ते बघतात आणि १२७ तो आतल्या आवाजावर चालतो का लोकांच्या, ते बघतात. अभ्यासाला उत्तम. पण दिवसभर बंधाऱ्याचं श्रमदान करून आलेल्या पोरांपुढे १५० जोड्या ठेवाल तर पन्नासाव्या जोडीनंतर फक्त खुणा मिळतील. स्कॉट बॅरी कॉफमन यांची २०१८ ची तीस वाक्यांची चाचणी बघा. ती दहा गुणविशेष वेगवेगळे देते. एकूण बेरजेपेक्षा ‘कुठे फरक पडला’ हे तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

आणि सर, समारोपाच्या रात्री चाचणी घेऊ नका! शेकोटी झालीय, गाणी झालीत, निम्मी मुलं रडतायत, गावातल्या मावश्यांनी निरोप दिलाय. त्या रात्री सगळेच पूर्णत्वाला पोचलेले असतात. शिबिराआधी पंधरा दिवस एकदा, आल्यावर पंधरा दिवसांनी एकदा आणि परीक्षेच्या आधी नको, परीक्षा संपल्यावर पुन्हा एकदा घ्या. त्याच वर्गातली, शिबिराला न गेलेली मुलंही सोबत तपासा. तरीही लक्षात ठेवा, शिबिराला जाणारं पोर मुळातच वेगळं असतं, त्यामुळे सगळं श्रेय शिबिराला देता येणार नाही.

विश्वसनीयतेसाठी क्रॉनबाख यांचा अल्फा काढाल, संगणकावर क्षणात निघतो. तो चांगला आला म्हणून पेढे वाटू नका. सगळी वाक्यं एका सुरात आहेत एवढंच तो सांगतो. पंधरा जण एका सुरात भलतीच आरतीही म्हणू शकतात.

गुण उतरले तर घाबरू नका, हे खास सांगते. ‘मला माणसं चांगली कळतात’ असं शहरातलं पोर डिसेंबरात ठामपणे लिहितं. मग सात दिवस गावात घरोघर सर्वेक्षण करतं, एका म्हाताऱ्या बाईच्या ओट्यावर बसून येतं आणि फेब्रुवारीत त्याच वाक्यापुढे ‘थोडंसं सहमत’ लिहितं. कागदावर घसरण. मी त्या पोराला शाबासकी देईन. म्हणून चाचणीच्या जोडीला एक वही ठेवा : कोणी न सांगता काम कोणी उचललं, चुकलं तेव्हा ‘माझं चुकलं’ कोण म्हणालं, आणि तुम्हाला, कार्यक्रम अधिकाऱ्यांना, तोंडावर ‘नाही सर’ कोण म्हणालं. शेवटचा रकाना भरताना त्रास होईल, तरी भरा.

कागदांवर नावं नकोत, क्रमांक घाला. अकरावी-बारावीची मुलं असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. आणि या गुणांवरून पुढच्या वर्षीचा गटप्रमुख निवडू नका, नाहीतर माझ्या सुरगाण्याच्या विद्यार्थ्यासारखं ‘कसं लिहायचं’ ते पोरं एका आठवड्यात शिकतील.

प्रश्न : मी सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑनलाइन सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी दिली. मार्चमध्ये ‘आयएनएफपी’ (म्हणजे अंतर्मुखांतला एक प्रकार) आलो, गणपतीनंतर ‘ईएनएफजे’ (बहिर्मुखांतला). दोन्ही वर्णनं शंभर टक्के जुळतात! खरा मी कोणता? बायोडाटात कुठलं टाकू?
— ढोल पथकातला एक जण

उत्तर : अरे, दोन्ही जुळतात यातच उत्तर आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं खास वर्णन’ म्हणून कागद दिला. किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग कळलं, सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

हे सोळा प्रकार इझाबेल मायर्स आणि त्यांच्या आई कॅथरिन ब्रिग्ज या मायलेकींनी स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या पुस्तकावरून बसवले. अडचण अशी की यात प्रत्येक गुणाच्या बरोबर मध्यावर रेघ मारलेली असते. रेघेच्या अलीकडचा अंतर्मुख, पलीकडचा बहिर्मुख. बहुतेक माणसं मध्याच्या आसपासच असतात, म्हणून एका उत्तराने पारडं फिरतं. संशोधक त्यापेक्षा पाच घटकांचं मोजमाप पसंत करतात. त्यात डबे नसतात, प्रत्येक घटकावर कमी-जास्त असतं. पण तेही वर्षातून तीनदा देऊ नकोस.

मार्चमध्ये तू काय करत होतास? तुझ्या पत्रातच आहे, बॅकलॉगचा निकाल लागला होता आणि रात्री दोनला चाचणी दिलीस. दुसरी दिलीस ती विसर्जन मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी, खांद्यावर पट्ट्याचे वळ असताना. मीसुद्धा त्या दिवशी बहिर्मुख आले असते.

बायोडाटात चार अक्षरं टाकू नकोस. तू लिहिलंयस की चाळीस जणांचा सराव दोन महिने तूच लावतोस, नवीन पोरांना ताल तूच शिकवतोस. ते टाक, एका ओळीत, आकड्यासकट. आणि तो बॅकलॉग सुटला का, हे पत्रात कुठेच नाही. कळव.